मंडईच्या दिवसांतच बॅटरी पाहून घ्या

धानाची कापणी आटोपली, भाऊबीज झाली आणि गावोगाव मंडया, म्हणजे आमच्याकडच्या नाटकांच्या जत्रा, भरायला लागल्या, की गाडीची बॅटरी तपासायची वेळ आली असं समजा. डिसेंबरपर्यंत थांबू नका. आमच्या गोंदिया जिल्ह्यात थंडीत पारा दहाच्या खाली उतरतोच. नागपुरात तर २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली होती.

मागच्या पौषात रात्री दोन वाजता शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावचा पेशंट घेऊन निघालेली होती. मी अंगणात जाऊन किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता टक् करून थांबला. आठ जणांनी धक्का मारला तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. बाई वेळेत दवाखान्यात पोचली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण धक्का मारण्यात गेलेली ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. आमच्या गावात चारचाकी तीन-चार घरीच आहे, आणि ज्याच्या दारात गाडी, त्याच्या दारात अडीनडीला गाव येतं. म्हणून हे लिहितो आहे.

थंडीने बॅटरी गेली, असं आपण म्हणतो. खरं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं. पारा ४५ च्या वर, त्यात बॉनेटखाली इंजिनाची धग. आतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, त्यांच्यावर पांढरा थर धरतो. पावसाळाभर ती कशीबशी सेल्फ मारत राहते. थंडीत मात्र दोन्हीकडून अडचण येते. आतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून बॅटरी कमी ताकद देते, आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. डिझेल गाडीत हीटर प्लगही तिच्यावरच तापतात. चांगल्या बॅटरीला आपल्याकडची थंडी काहीच करत नाही, उन्हाळ्याने पोखरलेली मात्र नेमकी पहाटे बसते.

तर पहिलं काम, साधा मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी असताना, पहाटे किल्लीला हात लावायच्या आधी मोजा. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या आसपास असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला द्या. मग घरातल्या कोणाला सेल्फ मारायला सांगून काट्याकडे बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर ही बॅटरी हिवाळा काढणार नाही. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजेत. तेव्हाही १२ च्या घरातच राहिले तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याच्या पट्ट्याचा. नवी बॅटरी घालून उपयोग नाही, तीही आठ दिवसांत उतरेल.

झाकणाची बॅटरी असेल तर पाणी पहा. प्लेटा बुडालेल्या हव्यात आणि पाणी वरच्या खुणेपर्यंतच हवं. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी घालू नका, त्यातले क्षार प्लेटा खातात. दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि वरून अॅसिड तर कधीच नाही. चार्जिंगला द्यायची असेल तर आधी प्लेटा बुडतील एवढंच पाणी घाला आणि बाकीचं चार्ज झाल्यावर, नाहीतर ते उतू जातं. हे करताना बिडी-सिगारेट लांब ठेवा. चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी काळी वायर काढा, मग लाल. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलिन लावा. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. किती तरी वेळा बॅटरी चांगली असते आणि ढिल्या क्लॅम्पपायी माणूस नवी घेऊन येतो.

आता झटका मशीनबद्दल, म्हणजे जनावरं रोखायला शेताच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राबद्दल सांगतो, कारण आमच्या भागात गाडीच्या बॅटऱ्या यानेच जास्त जातात. रब्बीचा हरभरा, लाखोळी उभी झाली की रानडुकरं येतात, आणि मशीनची बॅटरी ऐन वेळी बसली की माणूस गाडीची काढून बांधावर नेतो. मीही दोन वर्षं तेच केलं. पीक वाचवायचं असतं, त्यात चूक कोणाचीच नाही. पण गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा असतात. चार-पाच सेकंद जोराचा करंट देऊन लगेच पुन्हा भरून घेण्यासाठी ती बनवलेली असते. रात्र-रात्र थोडा थोडा करंट ओढून ती पार रिकामी झाली, की प्लेटांवरचा थर पक्का होतो. असं काही वेळा झालं की कितीही चार्ज करा, पहिली ताकद येत नाही. मशीनला सोलरची किंवा इन्व्हर्टरची, जाड प्लेटांची बॅटरी वेगळी घ्या. त्या खर्चात पीक आणि गाडी दोन्ही सांभाळली जातात.

मंडईत गाडी उभी करून पोट्टे रात्रभर गाणी लावतात. नाटकाहून परतताना गाडी उठत नाही ती त्यामुळे. आणि किराण्याच्या दुकानापर्यंत नेऊन आणल्याने बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर काढा. महिनाभर उभीच राहणार असेल तर काळी वायर सोडून ठेवा.

माझा मावसभाऊ फौजेत आहे, त्याने दोन हिवाळे लेहला काढले. तिथे रात्री पारा शून्याखाली पंधरापर्यंत जातो. तो सांगतो, उतरलेल्या बॅटरीतलं अॅसिड जवळपास पाण्यासारखं झालेलं असतं, म्हणून शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं आणि डबा फुटतो. भरलेली बॅटरी उणे ५० पर्यंतही गोठत नाही. गोठलेलीला चार्जर किंवा जंपर केबल लावायची नाही, स्फोट होऊ शकतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचीही ताकद शून्य अंशाला सुमारे दोन-तृतीयांश आणि उणे १८ ला ४० टक्क्यांवर येते. आपल्याकडे हे टोक नाही, पण तिच्यात आधी किती शिल्लक होतं यावर सगळं ठरतं, हे इथेही लागू आहे.

बॅटरीला आपल्या उन्हात तीन-चार वर्षं झाली असतील तर बदलायचे पैसे धानाच्या चुकाऱ्यातून बाजूला काढून ठेवा. घेताना बनावटीचा महिना पहा, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. जुनी दुकानदाराला परत द्या. घरी फोडू नका, आतलं शिसं लेकरांच्या अंगात जातं.

जाड जंपर केबल गाडीत कायम असू द्या. ट्रॅक्टरवरून करंट घेता येतो, त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला मात्र बऱ्याचदा २४ असतात, त्यावरून घेऊ नका. आधी लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

पहाटे गाडी काढताना दिवे, पंखा, टेप बंद ठेवा. डिझेल असेल तर हीटरचा दिवा विझू द्या, क्लच दाबा आणि पाच-सात सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. नाही झाली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा.

आणि संध्याकाळी गाडी लावताना तोंड रस्त्याकडे ठेवा, जमल्यास उताराला. आमच्या दारापुढचा उतार देवळाकडे जातो. त्या रात्रीपासून गाडी तिकडेच तोंड करून लागते, पुढच्या चाकाला दगड असतो, आणि किल्ली कुठे टांगलेली आहे हे शेजारच्या दोन्ही घरांना माहीत आहे.