बांधावर तितर टिकवायचे असतील तर

आमच्या सोलापूरकडं माळावर तितर वाढवायचे म्हटलं की लोक आधी मुंगूस नाहीतर खोकड मारायच्या गोष्टी काढतात. तसलं काही करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, विष अन् फासे तर नावच नको. अन् खरं सांगू का, खोकड उंदीरही खातं, त्याच्यापेक्षा जास्त वाट लावतात ती आपली मोकाट कुत्री-मांजरं.

तितर जमिनीवरच घरटं करतं, अमेरिकेतल्या जंगली टर्कीसारखंच, म्हणजे लपायला गवत नसलं की खेळ खल्लास. त्यामुळं बांध पेटवून साफ करायची सवय आधी सोडा. कुसळी, पवन्या, मारवेल असं गवत अन् तरवडाची चार झुडपं राहू द्या. वैरणीला कापायचं असेल तर दिवाळीनंतर कापा, तेही सगळं एकदम नको, बांधाकडेचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा सोडा आणि कापणी मधून सुरू करून कडेकडे जा म्हणजे आतले पक्षी बाहेर पळतील, उलट केलं तर मधेच अडकतात. अन् माळावर गिरिपुष्प वगैरे लावत बसू नका, उंच झाड म्हणजे कावळ्याला आयता टेहळणीचा बुरूज.

पिल्लांना सुरुवातीला दाण्यापेक्षा किडे लागतात, नाकतोडे, मुंग्या, वाळवी. म्हणून ज्वारीच्या कडेच्या दोन-तीन ओळींवर फवारणी टाळा. पाणी ठेवायचं तर उथळ भांड्यात, मधे दगड टाकून, नाहीतर पिल्लू बुडतं.

कुत्र्यांचं मूळ उकिरड्यात असतं. कोंबडीची आतडी, मेलेलं करडू बांधावर टाकलं की टोळी तिथंच मुक्काम करते, ते खोल पुरा.

घरटं सापडलं तर परत जाऊ नका, हे मी स्वतःच्या चुकीनं शिकलो. तरवडाखाली सात अंडी होती, मादी इतकी चिकटून बसलेली की पाय पडता पडता राहिला. फोटोसाठी मी तीनदा गेलो, आमचा कुत्रा मोत्या माझ्या मागंमागं. चौथ्या दिवशी नुसती टरफलं, अन् मोत्याच्या मिशांना पिवळं लागलेलं. अंडी उबायला अठरा-एकोणीस दिवसच लागतात, तेवढं तरी थांबायला पाहिजे होतं.

आता एप्रिल ते सप्टेंबर मोत्या साखळीला असतो, रात्रभर भुंकतो, शेजारचे वैतागतात.