अग्निगोल दिसला तर नोंद कशी करावी

साधारण शुक्राहूनही, म्हणजे सुमारे उणे 4 प्रतीहूनही (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितके तेज अधिक), तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. तो बहुधा काही सेकंदांतच विझतो. त्यामुळे खिशातला फोन काढण्याच्या खटपटीत न पडता नजर त्याच्यावरच ठेवावी, आणि तो प्रथम कोठे दिसला व कोठे विझला ही दोन ठिकाणे झाडाच्या शेंड्याशी, छपराच्या कडेशी किंवा ओळखीच्या ताऱ्याशी जोडून ध्यानात धरावीत. प्रकाश मावळताच घड्याळातील वेळ टिपावी.

त्यानंतर लगेच जागा सोडू नये. आवाजाला 30 किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे दीड मिनिट लागते. म्हणून पाचेक मिनिटे कान देऊन थांबावे आणि गडगडाट ऐकू आल्यास तो किती वेळाने आला हे लिहावे. मात्र उजेड डोळे दिपवणारा असेल, तर खिडकीच्या काचेपासून दूर राहावे. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क येथे अग्निगोलाच्या आघाततरंगाने, म्हणजे हवेतून आलेल्या जोरदार धक्क्याने, फुटलेल्या काचांमुळेच बहुसंख्य लोक जखमी झाले होते.

दिशा आणि उंची मोजण्यास आपला हात पुरेसा आहे. हात पूर्ण लांब केल्यावर मूठ आकाशात सुमारे 10 अंश व्यापते, तर वीत सुमारे 20 अंश. क्षितिजापासून मुठी मोजत गेल्यास उंची मिळते. दिशेसाठी फोनमधील होकायंत्र वाहनांपासून व लोखंडी कठड्यांपासून दूर धरावे. घाईत मोजमाप जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी उभे राहून त्याच खुणांवरून ते करता येते. कालावधीसाठी हाताने तोच मार्ग त्याच वेगाने पुन्हा रेखाटावा आणि दुसऱ्याला सेकंद मोजायला सांगावे. केवळ आठवणीतले सेकंद बहुधा फुगलेले असतात.

अंतराचा अंदाज मात्र मुळीच देऊ नये. ‘समोरच्या टेकडीमागेच पडला’ असे कितीही खात्रीने वाटले, तरी तो प्रत्यक्षात शेकडो किलोमीटर दूर असू शकतो. वेगवेगळ्या गावांतील निरीक्षकांच्या दृष्टिरेषा जेथे छेदतात, तेथून त्याचा खरा मार्ग काढला जातो. शंभर किलोमीटरवरील अग्निगोलाच्या दिशेत 5 अंशांची चूक झाली, तर स्थान जवळपास 9 किलोमीटरने सरकते.

रंग, तुकडे होणे आणि मागे रेंगाळलेली रेघ यांची नोंद थोडक्यात करावी. प्रकाशाचे पुंजके संथपणे, मिनिटभर किंवा अधिक काळ सरकत राहिले, तर ते बहुधा वातावरणात परतणारे उपग्रहाचे अवशेष असतात.

ही सारी टिपणे इतरांशी बोलण्यापूर्वी लिहावीत, कारण दुसऱ्याचे वर्णन नकळत आपल्या आठवणीत मिसळते. मग आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावरील अग्निगोल नोंदणीचा अर्ज भरावा. कॅमेऱ्यात चित्रण झाले असल्यास मूळ फाइल न कापता जपून ठेवावी आणि त्या कॅमेऱ्याचे घड्याळ किती पुढे वा मागे आहे तेही कळवावे.