शाळेतील संगीताच्या तासाचा पुरेपूर उपयोग कसा करावा

संगीतात पुढे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेतील संगीताच्या तासाकडे केवळ विरंगुळा म्हणून पाहू नये, कारण इतरांच्या सुरात सूर मिळवण्याची जी सवय समूहगायनात किंवा वाद्यवृंदात लागते, ती एकट्याच्या रियाजातून लागणे कठीण असते. सुरुवात कानापासून करावी. एका वाद्याचा स्वर ४४० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ४४० कंपने) आणि दुसऱ्याचा ४४२ हर्ट्झवर असेल, तर एकत्रित आवाजात दर सेकंदाला २ वेळा चढउतार जाणवतो; हे हेलकावे थांबेपर्यंत तार हळूहळू जुळवत राहावी आणि मगच शिक्षकांकडून तपासून घ्यावी. लय वाढवण्याची घाई मुळीच करू नये. स्वरलिपी शाळेतच शिकून घ्यावी, आणि घरी वाद्य नसल्यास मधल्या सुट्टीत सरावाची परवानगी निःसंकोच मागावी.