गल्लीच्या रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे? यादी करताना या चुका टाळा

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या आमच्या गल्लीत काँक्रीट टाकायचं ठरलं आणि वर्गणीची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवढे मालक होते, तेवढी नावं उतरवून मी मोकळा झालो. दोन दिवसांत दोन घोळ उघडे पडले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं फाटक मुख्य रस्त्यावर उघडतं. ते म्हणाले, "तुमच्या गल्लीत मी शेवटचा कधी आलो, आठवतंय का?" दुसरीकडे, गल्लीच्या टोकाला बोळातून आत गेलं की मागे एक प्लॉट आहे. त्याचा मालक नाशिकला असतो, ग्रुपवर नाही, म्हणून यादीतही नाही. ज्याला या रस्त्यावाचून स्वतःच्या जागेत पाऊल टाकता येत नाही तोच सुटला होता.

रस्ता कोणाचा, हे न बघता पावतीपुस्तक छापणे

डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता असेल किंवा ले-आउटमधला रस्ता महापालिकेच्या ताब्यात गेला असेल, तर वर्गणी काढायचं कारणच नाही. महापालिकेच्या पथ विभागाच्या मागे लागा. मात्र महापालिकेने मागे कधी डांबर टाकलं होतं म्हणजे रस्ता महापालिकेचा झाला, असं होत नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. तिथे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीत रस्ता वीस वर्षं वापरात असतो आणि सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचंच नाव असतं. मंजूर ले-आउटचा नकाशा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि झोन दाखला (ती जागा आराखड्यात कशासाठी दाखवली आहे, ते सांगणारा) एकत्र ठेवून बघा. क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

रस्ता खासगी निघाला की बैठकीत एक वाक्य हमखास येतं: "आम्ही घरपट्टी भरतो ना!" भरतो. पण 1949 च्या महानगरपालिका अधिनियमानेच खासगी रस्ता सपाट करणं, खडीकरण, पाण्याचा निचरा ही कामं मालकांकडून करून घ्यायचा अधिकार आयुक्तांना दिला आहे.

फक्त रस्त्यालगतचे मालक मोजणे

आमची मुख्य चूक हीच. तोच कायदा नुसते रस्त्याला लागून असलेले मालक धरत नाही. ज्यांची ये-जा त्या रस्त्यावरून आहे आणि ज्यांना कामाचा फायदा होणार आहे, तेही त्यात येतात. यादी करताना नकाशा हातात घ्या आणि प्रत्येक प्लॉटला एकच प्रश्न विचारा: हा रस्ता बंद झाला तर याचा मालक आत कसा जाणार? रिकामा प्लॉटही यादीत हवा. उद्या तिथे बांधकाम निघालं की सिमेंटचे मिक्सर याच काँक्रीटवरून जाणार आहेत. पैसे मालकाकडे मागा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूकडे नको.

सगळ्यांना सारखा वाटा, किंवा दर फ्लॅटला सारखा वाटा

समजा, खर्च 12 लाख रुपये. गल्लीत सहा बंगले आणि 24 फ्लॅटची एक सोसायटी. प्लॉटप्रमाणे सात वाटे केले तर बंगल्याला सुमारे 1,71,400 रुपये आणि एका फ्लॅटला जेमतेम 7,100. बंगलेवाले बैठकीतून उठून जातात. चुलीप्रमाणे तीस वाटे केले तर प्रत्येकी 40,000. मग सोसायटी एकटीच 9,60,000 भरते आणि तिचे सभासद उठून जातात. निम्मा खर्च प्लॉटवर आणि निम्मा चुलींवर टाकून बघा. बंगल्याला सुमारे 1,05,700 आणि फ्लॅटला 23,600 पडतात. कुरकुर दोन्हीकडून होते, पण उठून कोणी जात नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी एक सूचना. हे पैसे सिंकिंग फंडातून काढू नका. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला असतो. सर्वसाधारण सभेत वेगळा ठराव करून वेगळी वर्गणी घ्या.

पाणी विसरणे

धायरी, आंबेगाव, बावधन अशा उताराच्या भागात खरा तंटा रस्त्यावरून होत नाही, पाण्यावरून होतो. पावसाळी गटाराचा फायदा खालच्या प्लॉटना, म्हणून खर्चही त्यांनीच करावा, असं वरचे लोक म्हणतात. पाणी येतं ते वरच्यांच्या गच्च्यांवरून आणि फरसबंद अंगणांमधून! म्हणून गटाराचा हिशोब रस्त्यापासून वेगळा करा आणि ज्यांचं पाणी त्यात सोडलं जातं, त्या सगळ्यांवर तो टाका. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू देऊ नका. नाहीतर रस्ता जोत्याच्या वर जातो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पार्किंगमध्ये तळं होतं. ड्रेनेज, गॅस, केबल काय घालायचं ते काँक्रीटच्या आधी. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी खोदाई नंतरच होते.

पैसे न देणाऱ्याची वाट अडवणे

साखळी लावू नका. वहिवाटीचा हक्क वर्गणी थकली म्हणून जात नाही. उलट तुम्हीच कोर्टात उभे राहाल. आधी लेखी संमती आणि दोघांच्या सह्यांनी चालणारं स्वतंत्र बँक खातं, एवढं असेल तर निदान मागायला तोंड राहतं. तोंडी "बघू नंतर" म्हणणाऱ्याचा वाटा अंदाजपत्रकात धरू नका.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून घ्या. काम नीट झाल्यावर रस्ता सार्वजनिक जाहीर करून घेता येतो आणि पुढची दुरुस्ती महापालिकेकडे जाते. पण मग गल्लीच्या तोंडाचं गेट जातं, रात्रीचा वॉचमन कोणाला अडवू शकत नाही. आमच्याकडे पैशांपेक्षा जास्त वाद यावरच झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

नाशिकच्या मालकाने नकाशा पाहून बिनबोभाट पैसे पाठवले. डॉक्टरांनी रस्त्यासाठी एक रुपया दिला नाही. गटाराचा वाटा मात्र दिला. त्यांच्या गच्चीचा पाइप आमच्याच गल्लीत सुटतो.