सर्व्हरचं घड्याळ 12 मिनिटं मागे होतं

बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयासाठी मी संगणक सुरक्षा धोरण लिहून दिलं. 40 पानं, सगळ्यांच्या सह्या, आणि मग ते कपाटात गेलं.

एका सकाळी कळलं की रात्री कुणीतरी परक्यानं एका खात्यातून लॉगिन केलंय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे कधी काय झालं याच्या नोंदी, शेजारी ठेवले, तर वेळा जुळेचनात. सर्व्हरचं घड्याळ 12 मिनिटं मागे! हे उमगायलाच तीन तास गेले. अहवाल वेळेत गेला, पण जेमतेम.

दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रं एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या टाइम सर्व्हरला, म्हणजे अचूक वेळ पुरवणाऱ्या संगणकाला, जोडली. निर्देशांत हे आहेच, माझ्या धोरणातही होतं. तपासायचं कुणी, ते मात्र मी लिहिलं नव्हतं. लॉग 180 दिवस राहतील एवढी जागाही वाढवून घेतली.

खरा फरक पडला तो रात्रपाळीच्या ऑपरेटर ताईंबरोबर बसून लिहिलेल्या एका पानामुळे. साध्या मराठीत: काय दिसलं तर कुणाला फोन करायचा, त्यांनी उचलला नाही तर कुणाला.

"साहेब, हे आधीच द्यायचं होतंत," त्या म्हणाल्या. खरंच द्यायला हवं होतं. आता ते पान त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि दर सोमवारी घड्याळं त्याच तपासतात.