टी-५५ च्या मॉडेलला आफ्टरमार्केट पार्ट कुठे लावायचे, कुठे नाही आणि कसे

रणगाड्यांची मॉडेलं करायला लागलं की वर्षभरात प्रत्येकाला आफ्टरमार्केटची, म्हणजे किटमध्ये न येणाऱ्या, वेगळ्या विकत घ्यायच्या भागांची ओढ लागतेच, किट घरी यायच्या आधीच त्याचा पितळी सेट, मेटल ट्रॅक (चाकांवरचा कड्यांचा पट्टा), कातलेला बॅरल (तोफेची नळी), रेझिनच्या टाक्या सगळं कार्टमध्ये जाऊन बसलेलं असतं. आणि शेवटी किटपेक्षा वरच्या सामानालाच जास्त पैसे पडतात, त्यात बाहेरून मागवलं तर कस्टम वेगळं. मी बरीच वर्षं हे करतोय आणि माझं म्हणणं सरळ आहे, जे प्लास्टिकला जमत नाही तेवढ्यासाठीच पार्ट विकत घ्या, बाकी किटमधलंच वापरा. १/३५ चा टी-५५ घेऊन हे सगळं सांगतो, कारण १९७१ च्या युद्धात आपल्या सैन्याकडे हा रणगाडा होता, त्याची किटं मिळतात आणि आफ्टरमार्केट सामान तर ढिगाने आहे.

आधी एक छोटं गणित करा. १/३५ म्हणजे मॉडेलवरचा १ मिमी हा खऱ्या रणगाड्यावर ३५ मिमी. टी-५५ च्या पुढच्या तिरप्या चिलखताची जाडी १०० मिमी, म्हणजे मॉडेलवर साधारण २.९ मिमी, हे प्लास्टिकला आरामात जमतं, तिथे काही विकत घ्यायची गरज नाही. पण ट्रॅकवरचा फेंडर म्हणजे साधा पत्रा, काही मिलिमीटरचा, आणि किटमध्ये तो जर १ मिमी जाड आला तर झाला ना ३५ मिमीचा, म्हणजे जवळजवळ चिलखतच! पितळी फोटोएच (रसायनाने कोरून काढलेली पातळ पत्र्याची शीट) साधारण ०.१५ मिमीची असते, पस्तीसने गुणा, पाच मिमी आणि थोडं, हा खरा पत्रा. हेडलाइटचे गार्ड, टूलबॉक्सच्या पट्ट्या, इंजिनवरची जाळी या सगळ्यांचं असंच. पार्टच्या फोटोवर भुलण्याआधी विचारायचं, ही वस्तू खरी किती जाड असते? पत्रा, जाळी, पट्टी असेल तर पितळ घ्या, ओतीव किंवा जाडजूड असेल तर प्लास्टिक ठेवा.

किट कुठलं घ्यायचं यावरही खर्च ठरतो. तामियाचं टी-५५ए जोडायला फार सुंदर आहे, भाग चपखल बसतात, पण ट्रॅक मऊ पट्ट्याचे आणि पितळ नाही, म्हणून त्याला आफ्टरमार्केट शोभतं. मिनीआर्टच्या किटमध्ये फोटोएच आणि सुट्या कड्यांचे ट्रॅक डब्यातच येतात, तुकडे मात्र खूप, त्याच्यावर वेगळा मोठा सेट घेणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देणं. पहिल्यांदाच करणार असाल तर मी तामिया सांगेन, कारण मूळ गाडी न पिळवटता सरळ उभी राहते आणि तुमचं सगळं लक्ष पितळेवर देता येतं.

बॅरलपासून सुरुवात करू. टी-५५ ची १०० मिमीची तोफ लांब, बारीक, तोंडाशी फक्त तो धूर काढायचा फुगवटा, मझल ब्रेक (धक्का कमी करणारं तोंडाचं टोपण) वगैरे काही नाही, त्यामुळे नजर सरळ तिच्यावरच जाते. अनेक किटांत बॅरल दोन अर्धुकांत येतो, जोडल्यावर सांध्याची रेघ घासावी लागते आणि घासता घासता गोल नळी हळूच अंडाकृती होते, प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारल्यावर ते कळतं. लेथवर कातलेला अॅल्युमिनियमचा बॅरल इथे खरंच पैसे वसूल करतो, गोल तर असतोच आणि तोंडाचं भोकही साधारण २.९ मिमीचं नीट मिळतं. पण तुमच्या किटमध्ये बॅरल एकसंध आणि तोंड पोकळ असेल तर पैसे वाचवा. बसवताना सुपरग्लू नको, अराल्डाइट घ्या, कारण तो सरळ करायला काही मिनिटं देतो. टरेट (तोफेचा फिरता बुरूज) टेबलावर ठेवून वरून बघा, मग समोरून बघा, आणि तो सुकेपर्यंत बॅरलखाली काहीतरी टेकू द्या, नाहीतर वजनाने हळूच खाली झुकतो आणि सकाळी उठून बघता तर तोफ जमिनीकडे.

आता पितळ. इथे जरा थांबून सांगतो कारण लोक इथेच कंटाळतात. फोटोएचची शीट कटिंग मॅटवर कापू नका, मॅट मऊ असते, पितळ खाली दबतं आणि कडा वाकते. फरशीचा तुकडा किंवा काच घ्या, त्यावर गोल पात्याने दाबून कापा आणि कापल्यावर भागाला राहिलेलं बारीक टोक कानशीने एकाच दिशेने घासा. घडी घालायची रेघ कोरलेली असते, ती बहुतेक वेळा घडीच्या आतल्या बाजूला येते, हे उलट केलं तर पितळ तिथेच तुटतं. घडीसाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही, स्टीलची पट्टी वरून दाबून धरा आणि खालून नवं ब्लेड घालून एका झटक्यात पूर्ण कड उचला, तुकड्या तुकड्याने उचललं की पत्रा पिळवटतो. गोल वाकवायचा भाग असेल, म्हणजे टाकीचा पट्टा वगैरे, तर आधी गॅसच्या ज्योतीवर रंग बदलेपर्यंत तापवून गार होऊ द्या, पितळ मऊ पडतं. मात्र सगळी शीट तापवायची नाही, सपाट भाग ताठ राहिलेलेच बरे, आणि बारीक जाळी तर ज्योतीजवळ नेऊच नका, क्षणात जाते.

चिकटवायला सुपरग्लू बाटलीतून थेट कधीच नाही. फरशीवर एक थेंब काढायचा आणि सुईच्या टोकाने हवा तेवढा उचलायचा. आपल्याकडे पावसाळ्यात एक वेगळीच भानगड होते, सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात तो पटकन पकडतो पण आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी साय येते. थेंब अजून छोटा घ्या, पंखा हळू चालू ठेवा, आणि आलीच साय तर प्राइमरखाली जाते, घाबरू नका. लॅकरचा रंग मात्र त्या दिवसांत मारू नका, पांढरट पडतो.

हात लागणारे भाग सोल्डर करा, म्हणजे कथील वितळवून जोडा. माझ्या पहिल्या टी-५५ वर हेडलाइटचा गार्ड सुपरग्लूने केला होता. या रणगाड्याचे दोन्ही हेडलाइट पुढच्या तिरप्या पत्र्यावर उजव्या बाजूला जवळजवळ असतात आणि त्यांच्याभोवती पट्ट्यांचा पिंजरा. दिसायला झकास झाला, पण दोन महिन्यांनी धूळ झटकताना ब्रश अडकला आणि दोन पट्ट्या सुटून गेल्या, एक तर सापडलीच नाही. दुसऱ्या वेळी सोल्डर केला. २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न चालतं, टोक अणकुचीदार हवं. सांध्याला फ्लक्स (कथील नीट पसरवणारी पेस्ट) लावायचा, कथलाचा खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा त्यावर ठेवायचा आणि आयर्नचं टोक फक्त पितळेला टेकवायचं, कथील वितळून स्वतःच फटीत धावतं, ते बघायला फार छान वाटतं. पुढचा सांधा करताना आधीचा सुटू नये म्हणून त्याच्यावर ओल्या टिश्यूचा बोळा ठेवा, उष्णता तो खातो. शेवटी गरम पाण्यात साबण घालून फ्लक्स धुवा, राहिला तर रंगाखाली हिरवट डाग येतात. खिडकी उघडी असू द्या, फ्लक्सचा धूर नाकात जाऊ देऊ नका.

फेंडर पितळी घेतलात तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा घ्या, म्हणजे तो वाकवा! प्लास्टिकचा फेंडर फक्त सरळ राहू शकतो, पितळेचा मात्र चिमट्याने पुढचं टोक जरा चेपलं, कड थोडी लाटेसारखी केली की झाडाझुडपांतून गेलेली गाडी वाटते. उगाच सगळीकडे चेपू नका, आपटायची जागा असते पुढची आणि मागची कोपरं. टी-५५ चा एक्झॉस्ट डावीकडच्या फेंडरवर मागे असतो, उजवीकडे चपट्या इंधनटाक्या, त्यामुळे टाक्यांच्या खाली लपणाऱ्या भागात पितळ घालण्यात वेळ घालवू नका, ते कुणालाच दिसणार नाही. सेटमध्ये शंभर तुकडे आले म्हणून शंभर लावायचे असा काही नियम नाही, मी साधारण अर्धेच लावतो. इंजिनवरची जाळी मात्र नक्की लावा, किटमध्ये ती बंद पाठीची असते, पितळी जाळीतून खाली काळोख दिसला की गाडी एकदम खरी वाटते. खाली आधी काळा रंग मारायला विसरू नका, नंतर हात पोचत नाही.

काही गोष्टी विकत घ्यायचीच गरज नाही. टरेटभोवतीचे पकडायचे दांडे, ज्यांना धरून पायदळाचे जवान वर बसतात, ते किटमध्ये कधी जाड असतात आणि त्यांच्यावर साच्याची रेघ असते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जा, तांब्याची वाइंडिंग वायर गेजवर मिळते, २५ नंबरची मागा, ती अर्ध्या मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्यात साडेसतरा मिमीचा दांडा, अगदी बरोबर. वरचं इनॅमल पॉलिश पेपरने खरवडा नाहीतर ग्लू पकडत नाही. वायर सरळ करायची असेल तर फरशीवर ठेवून स्टीलच्या पट्टीखाली मागेपुढे लाटा, शेवयांसारखी सरळ होते.

टरेटचा खरबरीतपणाही फुकटचाच. टी-५५ चं टरेट ओतीव आहे आणि वरचं छप्पर वेगळ्या पत्र्यांचं, वेल्ड केलेलं. ओतीव भागावर पातळ प्लास्टिक सिमेंट लावा, मऊ झालं की जुन्या ताठ ब्रशने टोचत जा, एका वेळी दोन बोटं रुंदीचाच भाग घ्या, सुकलं की पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा. किती खरबरीत ठेवायचं हे फोटोवरून कळत नाही, त्यासाठी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एकदा जाऊन या, १९९४ पासून आहे ते, जगभरचे रणगाडे उभे आहेत आणि ओतीव टरेटासमोर उभं राहिलं की समजतं, जवळून खडबडीत पण दहा पावलांवरून गुळगुळीत. छप्पर गुळगुळीतच ठेवायचं, या चुकीने बरीच चांगली मॉडेलं बिघडतात.

ट्रॅक शेवटी ठेवलेत कारण माझ्या मते टी-५५ वर सगळ्यात जास्त पैसे इथेच घालावेत. या गाडीला ट्रॅक वर उचलून धरणारे छोटे रोलर नाहीत, वरचा ट्रॅक सरळ पाच चाकांवर पडतो आणि दोन चाकांमध्ये झोळीसारखा लोंबतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात फट जास्त आहे, तिथे तो लोंबणं स्पष्ट दिसतं. रबरी पट्टा कितीही खाली चिकटवला तरी ताणलेलाच वाटतो. मेटल ट्रॅकच्या कड्या जड असतात, त्या आपोआप बसतात.

पण मागवण्याआधी एक गोष्ट बघा. टी-५५ ला दोन प्रकारचे ट्रॅक लागले, जुने ओएमएसएच आणि नंतरचे रबरी बुश असलेले आरएमएसएच. जुन्यासाठी मागच्या दातेरी चाकाला १३ दात, नव्यासाठी १४. मी एकदा न बघता नवे ट्रॅक जुन्या १३ दातांच्या चाकावर चढवायला गेलो, अर्ध्या फेरीतच कड्या दातांवर चढायला लागल्या आणि पूर्ण संध्याकाळ गेली. म्हणून ट्रॅकच्या पाकिटात दातेरी चाक येतंय का बघा आणि ज्या गाडीचा फोटो समोर ठेवून मॉडेल करताय तिच्यावर कुठले आहेत ते आधी ठरवा.

एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या असतात. प्रत्येक कडीचं भोक पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या दांड्यात) धरलेल्या ०.५ मिमीच्या ड्रिलने साफ करा, ड्रिल दोन-तीन जादा ठेवा कारण तुटतात. तार आत सारा, बाहेरचं टोक कापा आणि तिथेच सुपरग्लूचा एक ठिपका, आत गेला तर कडी जाम होते. दहा-दहाच्या पट्ट्या करा, तीन-चार संध्याकाळी लागतात, घाई करू नका. काही मिश्रधातूंत शिसं असतं, म्हणून जेवायच्या टेबलावर हे काम नको आणि झाल्यावर हात साबणाने धुवायचेच. मग व्हिनेगरने धुऊन काळं करायच्या द्रावणात बुडवा, हातमोजे घालून आणि प्लास्टिकच्या डब्यात, काही मिनिटांत काळपट तपकिरी होतात. जमिनीला लागणारी बाजू आणि चाकांमधून जाणाऱ्या आतल्या शिंगांची टोकं पॉलिश पेपरने घासली की खरं चकचकीत लोखंड, रंगाने ते कधीच येत नाही.

मेटल ट्रॅकचं वजन चाकांच्या दांड्यांवर येतं, म्हणून चाकांचे हात आधीच पक्के चिकटवा, हलणारं सस्पेन्शन ठेवायचा मोह नको. ट्रॅक चढवायच्या आधी पूर्ण गाडीला प्राइमर मारा, पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, प्लास्टिक यांवर रंग वेगवेगळा बसतो आणि प्राइमर नसेल तर पितळेवरून नखानेही निघतो. प्राइमर सुकल्यावर दिवे बंद करून टॉर्च आडवा धरून बघा, राहिलेल्या रेघा, ग्लूचे डाग, वाकडा गार्ड सगळं सापडतं, तिथल्या तिथे सुधारा. मग रंग, आणि अगदी शेवटी ट्रॅक. शेवटची पिन मागच्या दातेरी चाकावर, फेंडरच्या सावलीत लावा. आधी एक कडी कमी करून बघा, मग एक वाढवून बघा, ज्याने वरचा ट्रॅक मधल्या चाकांना नुसता टेकतो तोच आकडा बरोबर. उरलेल्या कड्या टाकू नका, टरेटवर किंवा पुढच्या पत्र्यावर जादा कड्या लटकवायची पद्धत होतीच, गंजाचा हलका हात मारून तिथे लावा.