माइनक्राफ्ट सर्व्हरवर अ‍ॅडमिनच्या पॉवरला लगाम कसा घालायचा: काय सेटिंगनं, काय नियमानं

मित्रमंडळींसाठी सर्व्हर सुरू केला की पहिल्या आठवड्यातच दोघा-तिघांना ओपी, म्हणजे ऑपरेटरचे अधिकार, देऊन टाकलं जातं, कारण ते सोपं पडतं. पण जावा एडिशनमध्ये नुसतं ओपी केलं की डीफॉल्टला थेट सगळ्यात वरची लेव्हल ४ मिळते, म्हणजे ज्याला फक्त त्रास देणाऱ्या पोराला किक करायचं होतं त्याच्या हातात गिव्ह (हवी ती वस्तू फुकट काढणं), गेममोड (खेळायचा मोड बदलणं), बॅन, दुसऱ्याला ओपी करणं आणि अख्खा सर्व्हर बंद करणं हे सगळंच जातं. मग डिस्कॉर्डवर "पॉवरचा गैरवापर करू नये" असा नियम पिन करतात. माझं मत स्पष्ट आहे, जी पॉवर न देताही काम भागतं तिच्यासाठी नियम लिहीत बसू नका, ती काढूनच घ्या, आणि नियम राखून ठेवा जिथे सेटिंगचा हात पोचत नाही तिथे.

१. आधी कामं लिहून काढा
मॉडला, म्हणजे खेळाडूंवर लक्ष ठेवणाऱ्या मॉडरेटरला, खरंच काय लागतं? किक, बॅन, कोणी कोणाचं घर फोडलं ते बघणं. क्रिएटिव्ह मोड आणि गिव्ह यातल्या कशालाच लागत नाही.

२. सगळ्यांचं ओपी काढा
बरेच जण म्हणतात की ऑप्सच्या फाइलमध्ये, म्हणजे ओपी असलेल्यांच्या यादीत, लेव्हल कमी केली की झालं. तसं नाही होत. लेव्हल २ मध्ये गिव्ह, टेलिपोर्ट, गेममोड येतं, लेव्हल ३ मध्ये किक-बॅन आणि ओपी-डीऑप, आणि वरच्या लेव्हलला खालचं सगळं आपोआप मिळतं. त्यामुळे फक्त बॅन द्यायचं म्हटलं तरी गिव्ह सोबत जातंच, आणि वर तो आणखी कुणालाही ओपी करू शकतो.

३. लकपर्म्स टाका
कुणाला कुठली कमांड चालेल हे ठरवणारं हे प्लगइन आहे, पेपर किंवा स्पिगॉट या प्लगइन घेणाऱ्या सर्व्हरवर ते चालतं. मॉड नावाचा ग्रुप बनवा आणि वरच्या यादीतल्या कामांची एक-एकच परमिशन त्यात टाका, कंटाळा आला म्हणून स्टार परमिशन (एका झटक्यात सगळ्या परमिशन) कुणालाही देऊ नका. लकपर्म्सच्या स्वतःच्या कमांड तर मॉडला मुळीच नकोत, कारण ज्याला परमिशन बदलता येते त्याला शेवटी सगळंच करता येतं. कॉन्फिगमध्ये एनेबल-ऑप्स फॉल्स केलं की सगळे डीऑप होतात आणि ओपी कमांडही बंद पडते. एखाद्या इव्हेंटसाठी कुणाला जास्त पॉवर लागली तर ती पॉवर असलेल्या ग्रुपमध्ये दोन तासांपुरतंच घ्या, वेळ संपली की ते आपोआप निघतं, कुणाला आठवण ठेवावी लागत नाही. मग मॉडच्या अकाउंटवरून गिव्ह मारून बघा, चालायला नको.

४. नोंदी ठेवा
कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन प्रत्येक ब्लॉक कोणी फोडला, पेटीतून कोणी काय काढलं हे लिहून ठेवतं. मॉडला इन्स्पेक्ट (नोंदी बघणं) द्या, रोलबॅक (झालेलं नुकसान मागे फिरवणं) एखाद-दोघांनाच, आणि पर्ज कोणालाच नको, कारण त्यानं जुन्या नोंदीच उडतात.

५. आता नियम
ज्याच्याकडे होस्टिंगचं पॅनल किंवा कन्सोल, म्हणजे सर्व्हर थेट चालवायची जागा, आहे त्याला कुठलंच प्लगइन अडवू शकत नाही, तो प्लगइनच काढून टाकेल. ईव्ह ऑनलाइनमध्ये हेच झालं होतं, गेम बनवणाऱ्या सीसीपी कंपनीच्याच एका डेव्हलपरनं आपल्या गटाला दुर्मिळ ब्लूप्रिंट (गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे) मिळवून दिल्याचं २००७ मध्ये बाहेर आलं, मग कंपनीला आपल्याच लोकांवर लक्ष ठेवणारा विभाग काढावा लागला आणि २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेली कौन्सिलही आली. तेव्हा पॅनल दोघांकडे ठेवा, आणि कन्सोलवरून काही केलं की त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल असं लिहायचं हे ठरवून टाका.

बॅनचंही तसंच. कमांड मारता येते की नाही हे सेटिंग सांगेल, मारणं योग्य होतं का हे माणसांनीच ठरवायचं. बॅनसोबत कारण आणि पुरावा लिहायचा, अपील दुसऱ्या मॉडनं ऐकायचं, स्वतःच्या टीमच्या भांडणात हात घालायचा नाही, एवढं पुरे. "आम्ही फक्त टेक्निकल बघू, भांडणं तुमची तुम्ही मिटवा" असं म्हणून मोकळं होता येत नाही. लॅम्बडामू या टेक्स्टवरच्या जगात पावेल कर्टिसनं डिसेंबर १९९२ मध्ये विझार्ड, म्हणजे तिथले अ‍ॅडमिन, सामाजिक निर्णयातून बाजूला होतील असं जाहीर केलं, पुढे खेळाडूंच्या अर्ज-मतदानाची पद्धतही आली, पण १९९६ मध्ये विझार्डनीच मान्य केलं की टेक्निकल आणि सामाजिक असं वेगळं काढता येत नाही. म्हणून कोण कशात निर्णय घेणार हे नावानिशी लिहा.

६. कोणी सोडून गेलं की
त्याच दिवशी ग्रुपमधून काढा, पॅनल आणि एफटीपीचा (सर्व्हरच्या फाइल हाताळायची वाट) पासवर्ड बदला, आरकॉन (बाहेरून कन्सोलच्या कमांड पाठवायची सोय) चालू असेल तर त्याचाही. कितीही जवळचा मित्र असला तरी.